बिरप्पा हमालाची लेक

एकतीस वर्षं रेणुकाबाई एकाच शाळेत शिकवत होत्या आणि तेवढ्या काळात त्यांच्याविषयी कुणी वावगा शब्द काढला नव्हता. गुलबर्गा स्टेशनच्या मागच्या अंगाला, मालधक्क्याची लांबलचक भिंत संपते तिथं ही सरकारी मराठी शाळा. शहराचं नाव कलबुर्गी झालं, स्टेशनवर नव्या पाट्या चढल्या, तरी वस्तीतली माणसं अजून गुलबर्गाच म्हणतात आणि शाळेला म्हणतात ‘ठेसनाची शाळा’. पहिली ते सातवी, पाच खोल्या, तीन शिक्षक. हमालांची, चहावाल्यांची, झाडूवाल्यांची पोरं. स्टेशन मुंबई-मद्रास लाइन पडली तेव्हाचं. लांब पल्ल्याची गाडी आली की वर्गातला फळा थरथरायचा. बाई बोलायचं थांबायच्या, आणि गाडी गेली की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं न्यायच्या.

रेणुकाबाई स्वतः याच शाळेत शिकल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे वडील याच स्टेशनवर हमाल होते, हे मात्र शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

वडील म्हणजे बिरप्पा, मूळचे आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. एका साली मेंढरांना रोग आला आणि महिन्याभरात निम्मा कळप आडवा झाला. उरलेली विकून बिरप्पा बायकोला आणि दहा वर्षांच्या रेणुकाला घेऊन शहरात आले, लाल शर्ट चढवला, दंडाला पितळी बिल्ला बांधला आणि ओझी उचलायला लागले. पोरगी हुशार निघाली. सातवीत पहिली आली, हायस्कूल झालं, टीसीएचचा कोर्स करून मास्तरीण झाली. लग्न ठरताना पाहुण्यांनी विचारलं, मुलीचे वडील काय करतात? मामानं उत्तर दिलं, “रेल्वेत हाईत.” ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. पाहुण्यांनी मनातल्या मनात बिरप्पांना कारकुनाच्या खुर्चीत बसवलं. रेणुकानं त्यांना तिथून कधी उठवलं नाही. सासरी तेच चाललं, नोकरी लागल्यावर शाळेतही तेच. बिरप्पा वारले तेव्हा शाळेत त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली आणि कारण लिहिलं, ‘वडिलांचे निधन’. कुणी काही विचारलं नाही.

म्हणून एकतीस वर्षांत रेणुकाबाई पोरांना घेऊन कधी स्टेशनात गेल्या नाहीत. सहल काढली ती किल्ल्याला, नाहीतर शरणबसवेश्वराच्या तळ्याकाठी. भिंतीपलीकडचं स्टेशन त्यांच्या वर्गात फक्त आवाज होऊन येई.

आणि मग त्या वर्षीच्या जूनमध्ये शैलश्री आली.

वय एकोणतीस. हुमनाबादची, लिंगायतांच्या घरातली, बापाचं किराण्याचं दुकान. मराठी आणि कानडी दोन्ही तिच्या तोंडात सारख्याच चवीनं येत. पहिल्या दिवशी स्कूटी लावून आत आली आणि हात जोडून म्हणाली, “शरणु शरणार्थी, अक्का. मला तुमच्याकडनं लई शिकायचंय.”

रेणुकाबाईंना बरं वाटलं. त्यांनी तिला हजेरीचं पुस्तक कसं भरायचं ते दाखवलं, बोअरची मोटर कधी दगा देते ते सांगितलं, हेडमास्तर मडिवाळप्पांना दुपारी तीननंतर काही विचारायचं नाही हेही सांगितलं. हेडमास्तरांच्या सेवानिवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि ते आठ महिने बिनघोर जावेत एवढीच त्यांची इच्छा होती.

पंधरा दिवसांत काहीतरी बदललं. काय ते नेमकं बोट ठेवून दाखवता येईना. पाचवीची रूपा ही स्टेशनबाहेर गजरे विकणाऱ्या बाईची मुलगी. रोज सकाळी ती फाटकाशी थांबायची, रेणुकाबाईंची पिशवी घ्यायची आणि वर्गापर्यंत आणून द्यायची. एके सकाळी रूपा फाटकाशी होती, पण तिची नजर बाईंच्या डोक्यावरून रस्त्याकडं लागलेली. “शैलश्री टीचर अजून आल्या न्हाईत का, बाई?” तिनं विचारलं. रेणुकाबाई आपली पिशवी आपण घेऊन आत गेल्या. पिशवी काही जड नव्हती. डबा, चष्मा, दोन वह्या.

मग बारीकसारीक गोष्टी डोळ्यांत सलायला लागल्या. शैलश्रीच्या टेबलावर रोज मोगऱ्याचा गजरा. शैलश्रीच्या वर्गातून हसण्याचा आवाज. शाळा सुटताना पोरं न्यायला आलेल्या बायका रेणुकाबाईंना नुसता नमस्कार करत आणि शैलश्रीपाशी थांबून बोलत. शैलश्रीच्या पाचवीत तेवीस पोरांपैकी रोज पंधराच यायची, ती वीस यायला लागली. हेडमास्तरांनी हजेरी बघून मान डोलवली आणि म्हणाले, “ह्या पोरीच्या हाताला गुण हाय बघा.” एकतीस वर्षांत रेणुकाबाईंच्या हाताबद्दल ते असं कधी बोलले नव्हते.

घरी गेल्यावर त्या स्वतःलाच समजावत. नवी आहे, हौस आहे, चार दिवसांनी थंड पडेल. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता, मुलगा पुण्याला. समजावायला दुसरं कुणी नव्हतं. भाकरी थापताना त्यांना शैलश्रीचं हसणं ऐकू येई आणि भाकरी तव्यावर करपून जाई.

ऑगस्टमध्ये शैलश्रीनं शनिवारचा नवा उद्योग काढला. शनिवारी शाळा सकाळची. नाश्ता झाला की ती पाचवीची पोरं घेऊन पादचारी पुलावरून स्टेशनात जायची. स्टेशन मास्तरांना तोंडी विचारलं होतं, हेडमास्तरांनीही “जा, पण सांभाळून” म्हणून सोडलं होतं. वस्तीतली पोरं एरवी भिंतीच्या भगदाडातून थेट रुळावर उतरत, पण शैलश्री त्यांना जोड्या लावून, हातात हात घालून पुलावरूनच नेई. तिकडं गेल्यावर पोरं पाटीवरचं नाव तिन्ही लिप्यांत वाचत आणि कुठलं अक्षर कुठल्यासारखं दिसतं यावर भांडत. गाडी एक तास पस्तीस मिनिटं लेट असेल तर किती वाजता येणार, हे गणित फलाटावर बसून सोडवत. पार्सलच्या काट्यावर एकेकाचं वजन होई. शनिवारी एकही पोर घरी राहीना.

रेणुकाबाईंचा दुसरीचा वर्ग कोपऱ्यावर होता. खिडकीतून पूल सरळ दिसायचा. दर शनिवारी त्या पोरांना पाढे लिहायला सांगून खिडकीशी उभ्या राहत. आपण हवा खातोय असं त्या स्वतःला सांगत, पण डोळे पुलावरून हलत नसत. कोण पुढं आहे, कोण कुणाचा हात धरून आहे, शैलश्री कुणाच्या खांद्यावर हात ठेवते, सगळं टिपून घेत. एकदा शैलश्री पुलाच्या मध्यावर थांबली, सगळ्यांना कठड्यापासून दोन पावलं मागं उभं केलं आणि खालून जाणारी मालगाडी दाखवत डबे मोजून घेतले. अठ्ठावन्न! पोरांचा तो आरडाओरडा शाळेपर्यंत आला. दुसरीतली पोरं पाढे टाकून खिडकीशी धावली. “आपल्याला कधी नेणार, बाई?” एकानं विचारलं. रेणुकाबाईंनी खिडकी लावून घेतली.

डोक्यात एकच विचार पिंगा घालत होता. हे स्टेशन माझं होतं. त्या फलाटावर मी गाठोड्यांच्या सावलीत बसून अभ्यास केलाय. पार्सलच्या काट्यावर माझा बाप मला उभं करायचा आणि म्हणायचा, “बघा, माझं मेंढरू किती भरलं.” हे सगळं माझ्या गाठीला असताना मी ते पदराआड धरून बसले, आणि ही परगावची पोर आली, हात घातला आणि घेऊन मोकळी झाली.

दिवाळीनंतर शैलश्रीनं व्हरांड्याच्या भिंतीवर मोठे कागद चिकटवले. वर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमचं स्टेशन’. प्रत्येक पोरानं स्टेशनवरच्या एका माणसाला भेटायचं आणि त्याची माहिती आपल्या अक्षरात लिहायची. सोमवारी सकाळी रेणुकाबाई चष्मा लावून वाचत गेल्या. चहावाला, तिकीट तपासनीस, झाडूवाली मावशी. चौथा कागद रूपाचा होता. तिनं उमाजी आजोबांविषयी लिहिलं होतं. उमाजी म्हणजे सगळ्यात म्हातारे हमाल. आता ओझी उचलत नव्हते, पण रोज फलाटावर येऊन बसत.

रूपानं लिहिलं होतं:

‘उमाजी आजोबांचा एक जोडीदार होता. त्यांचं नाव बिरप्पा. ते आमच्या बाईंचे वडील होते. त्यांचा बिल्ला नंबर एकसष्ट होता. बाई लहान असताना बाईंनी त्यांना सांगितलं की लाल शर्ट घालून शाळेत येऊ नको, पोरं हसतात. म्हणून ते शाळेत येत नव्हते. पण रोज साडेचारला ओझं खाली ठेवून पुलावर जायचे आणि बाई शाळेतून सुटलेल्या बघायचे. मग परत यायचे. एकदा त्यामुळे गिऱ्हाईक निघून गेलं. उमाजी आजोबा म्हणले की बाईंना हे माहीत नाही.’

रेणुकाबाईंनी ते एकदा वाचलं. मग परत वाचलं. शेजारी शैलश्री येऊन उभी राहिल्याचं त्यांना कळलंही नाही.

“अक्का,” शैलश्री म्हणाली, तिचे डोळे चमकत होते, “एवढी मोठी गोष्ट तुम्ही आम्हाला कधी सांगितली न्हाई! पोरं सारखी विचारायलीत, बाईंचे अप्पा कसे होते म्हणून.”

मागं दोन-तीन पोरं उभी होती. स्वयंपाकाच्या खोलीतून बाया बघत होत्या. हेडमास्तर दारात आले होते. रेणुकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण त्या एवढंच म्हणाल्या, “शाळेच्या भिंतीवर घरच्या गोष्टी लावत न्हाईत, शैलश्री.”

“चुकलं अक्का. काढून टाकू का?”

“राहू दे आता. वाचायचं त्यांनी वाचलं.”

त्या दिवशी वर्गात त्यांनी काय शिकवलं ते त्यांना आठवत नाही. लाज वाटलीच, पण लाजेहून दुसरंच काही जास्त जळत होतं. बाप पुलावर उभा राहायचा, हे पोटच्या पोरीला ठाऊक नव्हतं. ते आधी कळलं शैलश्रीला. उमाजी काका इतकी वर्षं भिंतीपलीकडं बसून होते. आपण चार पावलं टाकली असती तर ही गोष्ट आपल्याला मिळाली असती. पण मिळाली तिला. आपला बापसुद्धा तिच्याच धड्यात जाऊन बसला.

त्या संध्याकाळी रेणुकाबाईंनी एक रेघांचा कागद घेतला आणि शिक्षण खात्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. कानडीत लिहिलं, म्हणजे मराठी शाळेतल्या कुणाचा संशय येणार नाही. अक्षर मोडून, सुटं सुटं काढलं. स्टेशनामागच्या शाळेतल्या एक शिक्षिका लेखी परवानगी नसताना मुलांना शाळेबाहेर नेतात. पालकांच्या सह्या घेत नाहीत. रूळ ओलांडून नेतात. एखादं मूल गाडीखाली आलं तर जबाबदार कोण? खाली लिहिलं, ‘एक पालक’.

‘रूळ ओलांडून’ हे शब्द लिहिताना हात थांबला होता. पण त्या शब्दांवाचून पत्राला धार येत नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता त्यांनी ते स्टेशनबाहेरच्या लाल पेटीत टाकलं.

अठरा दिवसांनी शैलश्रीच्या नावानं नोटीस आली. शनिवारची स्टेशनवारी बंद. चौकशी होईपर्यंत मुलांना फाटकाबाहेर न्यायचं नाही.

पहिला शनिवार रेणुकाबाईंना गोड गेला, हे कबूल केलं पाहिजे. पूल रिकामा होता. पाचवीतून हसण्याचा आवाज येत नव्हता. त्यांनी दुसरीला दोन गोष्टी सांगितल्या आणि स्वतःही हसल्या. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांच्या ध्यानात आलं, की शैलश्रीकडून गेलेलं त्यांच्याकडं काही येत नव्हतं. रूपा फाटकाशी थांबेनाच, ना हिच्यासाठी, ना तिच्यासाठी. पाचवीत परत पंधराच डोकी दिसायला लागली. आणि शैलश्री मधल्या सुट्टीत खुर्चीत गप्प बसून राही, तिचा डबा तसाच घरी परत जाई.

एके दिवशी ती रेणुकाबाईंजवळ येऊन बसली.

“अक्का, कोण लिहिलं असंल हो हे? मी कुणाचं काय वाकडं केलंय?”

“लोकांचं काय सांगावं,” रेणुकाबाई म्हणाल्या.

“रूळ ओलांडून नेलं म्हणून लिहिलंय. मी एकदा तरी नेलं का? माझी नोकरी अजून पक्की झालेली न्हाई, अक्का. अप्पांना तर मी सांगितलंसुद्धा न्हाई.” तिनं डबा बाजूला सारला. “हेडमास्तर म्हणालेत, मी तोंडी काय बोललो ते मला आठवत न्हाई. तुम्ही मोठ्या हाव. साहेबांपुढं तुम्ही दोन शब्द बोललात तर ऐकतील.”

रेणुकाबाई ‘बघू’ म्हणाल्या. मग पाण्याचा तांब्या भरायला उठल्या.

चौकशीला साहेब आले ते गुरुवारी. सिद्धलिंगप्पा त्यांचं नाव. पन्नाशीचे, मितभाषी, चष्मा कपाळावर. हेडमास्तरांच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या, शैलश्रीबरोबर रेणुकाबाईंनाही बोलावलं. साहेबांनी फाइल उघडली आणि पत्र टेबलावर ठेवलं. रेणुकाबाईंना आपलं मोडलेलं अक्षर उलट्या बाजूनंही ओळखू आलं.

साहेबांनी कानडीत विचारलं, “मुलांना रुळावरून नेलं, हे खरं आहे?”

“नाही सर. पुलावरून नेलं,” शैलश्री म्हणाली.

“कुणी बघितलंय?”

शैलश्रीनं हेडमास्तरांकडं पाहिलं. मडिवाळप्पा घसा खाकरून म्हणाले, “मी ऑफिसात असतो सर. इथनं पूल दिसत न्हाई.”

गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. रेणुकाबाई गप्प बसल्या असत्या तर कुणी त्यांना दोष दिला नसता आणि शैलश्री मार्चच्या आत दुसरीकडं गेली असती. त्यांना ते स्पष्ट दिसत होतं. आणि त्याच वेळी दुसरंही दिसत होतं. या शाळेतून तो पूल बघणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

“मी बघितलंय,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “काय बघितलंत?”

“दर शनिवारी बघितलं. माझ्या वर्गाच्या खिडकीतून.” एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. “नऊ वाजून दहा मिनिटांनी निघतात. जोड्यांनी. सगळ्यात पुढं उंच पोरं, बारकी मधी, आणि ह्या स्वतः मागं. पुलाच्या पायऱ्या चढताना डाव्या बाजूनं. मध्यावर थांबल्या तर पोरांना कठड्याला हात लावू देत न्हाईत. सप्टेंबरात एकदा पाऊस होता, त्या दिवशी निम्म्यातनं परत आणलं. एकदा एक पोरगं जोडी सोडून पळालं, तर त्याला पुढचे दोन शनिवार नेलं न्हाई. एकदासुद्धा रुळावर उतरल्या न्हाईत. एकदासुद्धा न्हाई.”

साहेब म्हणाले, “तुम्ही फार लक्ष ठेवलंय.”

“व्हय,” रेणुकाबाई म्हणाल्या.

निकाल तिथंच झाल्यासारखा होता. साहेबांनी पत्र फाइलीत ठेवलं, म्हणाले, निनावी पत्राचं असंच असतं. मात्र यापुढं स्टेशन मास्तरांची लेखी परवानगी घ्यायची, पालकांच्या सह्या घ्यायच्या आणि एका नाही तर दोन शिक्षकांनी बरोबर जायचं. शैलश्रीवर काही ठपका ठेवला नाही.

साहेबांची जीप बाहेर पडली आणि शैलश्री व्हरांड्यात रेणुकाबाईंच्या पाया पडली. सगळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी हुमनाबादहून पेढे आले. तिच्या आईनं फोनवर रेणुकाबाईंना सांगितलं, “आमच्या पोरीला तिथं तुम्हीच आई.” पोरं परत त्यांच्याकडं बघायला लागली. रूपानं एक गजरा त्यांच्याही टेबलावर आणून ठेवला.

एवढे महिने ज्याच्यासाठी जीव जळत होता ते सगळं आता आपण होऊन चालत आलं होतं, आणि रेणुकाबाईंना त्यातला घासही उतरेना. पेढा त्यांनी पदरात बांधून घरी नेला आणि तसाच ठेवला, त्याला मुंग्या लागल्या. चोरीच्या मालाला शाबासकी मिळावी तसं वाटत होतं. चार दिवस त्यांनी काढले. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर शैलश्री स्कूटी काढत असताना त्या तिच्यापाशी गेल्या.

“ते पत्र मी लिहिलं होतं.”

शैलश्री हसली. तिला वाटलं, चेष्टा आहे. मग तिनं बाईंचा चेहरा बघितला आणि स्कूटी परत स्टँडवर लावली.

“कामून, अक्का?”

रेणुकाबाईंनी उत्तराची किती तयारी केली होती. ती सगळी बाजूला राहिली. “मला तुझं बघवत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पोरं तुझ्याकडं, बायका तुझ्याकडं. आणि मग माझा बापसुद्धा. तो पुलावर उभारायचा ते मला ठाऊक नव्हतं, शैलश्री. ते तुझ्या भिंतीवर मी वाचलं.”

“मग तुम्ही मला मारायचं होतं. शिव्या द्यायच्या होत्या.” शैलश्री म्हणाली. “गाडीखाली पोर येईल म्हणून लिहिलंत तुम्ही. मी रात्र रात्र तेच बघत होते डोळ्यांपुढं. आणि दिवसा तुमच्याजवळ येऊन रडत होते.”

“व्हय.”

“मी साहेबांना सांगितलं तर?”

“सांग. मी न्हाई म्हणणार न्हाई.”

शैलश्रीनं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं ‘अक्का’ म्हणायचं सोडलं. ‘मॅडम’ म्हणायला लागली. हजेरीचं पुस्तक हवं असेल तर “मॅडम, पुस्तक.” बाकी शब्द नाही.

अडचण अशी झाली की स्टेशनवर जायला दोन शिक्षक हवे होते आणि हेडमास्तर पायऱ्या चढायला तयार नव्हते. म्हणून जानेवारीत शनिवार पुन्हा सुरू झाले तेव्हा पुढं शैलश्री आणि सगळ्यात मागं रेणुकाबाई, अशी ती रांग पुलावरून निघाली. दुसरीचा वर्गही बरोबर घेतला होता. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पोरांना त्याचं काही नव्हतं.

पहिल्याच शनिवारी रेणुकाबाई उमाजी काकांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याची नजर मंदावली होती. त्यांनी वर बघितलं, थोडा वेळ लावला, मग म्हणाले, “रेणू व्हय? लई उशीर केलीस गं.”

“काका, अप्पा माझ्यावर रागावले होते का?”

“कशापाई?”

“मी शर्टाचं बोलले होते म्हणून.”

“राग न्हाई. पण दोन दिस जेवला न्हाई त्यो,” ते म्हणाले. “मी खोटं कामून सांगू तुला?”

रेणुकाबाई त्यांच्याशेजारी फलाटावर बसल्या. गाडीची सूचना होत होती, पोरं काट्याभोवती गलका करत होती. शैलश्रीनं एकदा वळून बघितलं आणि पोरांना घेऊन फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेली, दोघांना बोलायला निवांत मिळावं म्हणून. ती का गेली हे रेणुकाबाईंना समजलं. समजलं, आणि तिचा हा समजूतदारपणाही त्यांना टोचलाच. एवढं होऊनही हिच्या मनाला चांगलं कसं सुचतं, असं त्यांना वाटून गेलं.

पुढची दोन वर्षं असेच शनिवार गेले. मडिवाळप्पा निवृत्त झाले, उमाजी काका एका उन्हाळ्यात गेले. दुसरीतली पोरं चौथीत आली. रेणुकाबाई त्यांना पार्सलच्या काट्यावर उभं करून आपल्या बापाच्या गोष्टी सांगत. पोरं ऐकत, पण गाडी आली की शैलश्रीचा हात धरायला पळत, आणि दर वेळी रेणुकाबाईंच्या पोटात बारीक कळ उठे. ती कळ गेली असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आता त्या कळेपुढं कागद-पेन ठेवत नव्हत्या, एवढंच.

मग शैलश्रीची बदली झाली, हुमनाबाद तालुक्यातल्या दुबलगुंडीला, तिच्या गावाजवळ. निरोपाच्या दिवशी ती सगळ्यांविषयी बोलली, रेणुकाबाईंविषयी एकच वाक्य बोलली. “मॅडमनी माझ्याबद्दल साहेबांपुढं खरं सांगितलं होतं.” ते ऐकून पोरांनी टाळ्या वाजवल्या. रेणुकाबाईंनी मान खाली घातली.

तीन-चार महिन्यांनी एका संध्याकाळी तिचा फोन आला. कामाचाच. “मॅडम, इथं ठेसन न्हाई. पोरं वर्गात टिकत न्हाईत. कुठं नेऊ त्यांना?”

रेणुकाबाईंनी क्षणभर विचार केला. “आठवड्याचा बाजार भरतो न्हवं तिथं? बाजारात ने. धान्याचे भाव, वजनं, सगळं गणित तिथंच हाय. जनावरं विकायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना बोलतं कर. आधी सह्या घे मात्र. आणि बरोबर एकजण घे.”

“व्हय. सह्या घेते.” शैलश्री म्हणाली. “बरं सुचलं तुम्हाला. ठेवू का?”

“ठेव.”

फोन ठेवल्यावर रेणुकाबाई चुलीपुढून उठून दारात आल्या. एवढी चांगली कल्पना आपण तिला फुकट देऊन बसलो, म्हणजे आता दुबलगुंडीतही पोरं हिच्याच मागं फिरणार, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. थोडा वेळ त्या तशाच धुसफुसत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, कॅलेंडर काढलं आणि निवृत्तीला किती शनिवार उरलेत ते बोटानं मोजायला लागल्या.